जुन्या संगणकांना आधी काम, मग जागा

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत आणि कार्यालयांत आम्ही अनेक माजी विद्यार्थी नोकरी करतो. तेथे दर काही वर्षांनी संगणक बदलले जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबले आणि चालू स्थितीतील यंत्रेही जुनी ठरली. ती शाळेला द्यावीत, असे कोणालाही वाटेल. भावना निर्मळ आहे; परंतु त्यांना येथे कोणते काम मिळणार हे आधी ठरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधे संगणक जोडून त्यांच्याकडून मोठे काम करून घेण्याची कल्पना जुनी आहे. १९९४ मध्ये नासाच्या संशोधकांनी बाजारात मिळणारे १६ प्रोसेसर जोडून ‘बिओवुल्फ’ हा समूह उभारला. त्याआधी, १९९१ मध्ये, पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ साकारला, तोही अनेक लहान प्रोसेसरांच्या सहकार्यावरच. काम वाटून घ्यायचे आणि उत्तरे एकत्र करायची, एवढेच त्याचे सूत्र.

मात्र विजेचा हिशेब विसरून चालणार नाही. एका जुन्या संगणकाला १०० वॅट धरले, तर आठ संगणक अहोरात्र चालवून महिन्याला ५७६ युनिट खर्च होतील. आठ रुपये दराने हे बिल ४,६०८ रुपये होते. तेवढी गणिते आजचा एखादा नवा संगणक कितीतरी कमी विजेत करील. म्हणून केवळ गणनशक्तीसाठी असा समूह चालविणे वसतिगृहाला परवडणारे नाही. रोज दोन तास, महिन्यातून २५ दिवस चालविला, तर मात्र ४० युनिट पुरतात.

त्या दोन तासांत मुलांना पुष्कळ शिकता येईल. स्नेहसंमेलनासाठी ‘ब्लेंडर’ या मोफत प्रणालीवर दहा सेकंदांचा चलतचित्रपट करायचा, तर सेकंदाला २४ प्रमाणे २४० चित्रे लागतात. चार यंत्रांनी प्रत्येकी ६० चित्रे तयार करावीत. वेळ बरोबर एक चतुर्थांश झाला का? बहुधा होणार नाही. सर्वांत मंद यंत्रासाठी इतरांना थांबावे लागते, वाटप आणि जुळणीतही वेळ जातो. हे कारण मुलांनी स्वतः शोधणे, हेच खरे शिक्षण. समूहातील एक यंत्र अभ्यासिकेचे ग्रंथालय होऊ शकते: ‘किविक्स’च्या साहाय्याने इंटरनेटविना मराठी विकिपीडिया आणि शासनाने प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड त्यावर ठेवता येतील. उरलेल्या यंत्रांवर लिनक्स घालून ती वाचनासाठी वापरता येतील.

म्हणून दात्यांना आमची नम्र विनंती आहे. चालू यंत्रच द्यावे. कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. त्यातील माहिती पूर्ण पुसावी. कळफलक, माऊस सोबत द्यावेत. आणि वर्षातून चार रविवार दुरुस्तीसाठी राखावेत. यंत्र निकामी झाल्यावर ते भंगारवाल्याकडे फोडायला न जाता, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावे, ही जबाबदारीही देणाऱ्याने उचलावी.

जी वस्तू आपण आपल्या घरच्या मुलांच्या हाती देणार नाही, ती वसतिगृहातील मुलांच्या हाती देऊ नये. दानाची कसोटी यंत्रांच्या संख्येवर नव्हे, त्यांवर काय शिकले गेले यावर लागावी.