रांगेतील अग्रक्रम कोणाचा?

शेअर बाजारातील सौदे जुळविणाऱ्या संगणकाचा कायदा वरकरणी सरळ आहे. सरस भाव देणारा पुढे. भाव सारखाच असेल तर आधी आलेला पुढे. नोव्हेंबर 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे व्यवहार पडद्यावर आणले आणि 1995 मध्ये दलाल स्ट्रीटलाही रिंगणातील आरडाओरड सोडून तीच वाट धरावी लागली, तेव्हा हा नियम सामान्य गुंतवणूकदाराच्या हिताचाच होता. दलालाने सांगितलेला भाव ताडून पाहण्याची सोय त्याला झाली.

परंतु ‘आधी’ म्हणजे किती आधी? आता सेकंदाचा दशलक्षांशही निर्णायक ठरतो. म्हणूनच मोठे दलाल भाडे भरून आपले संगणक बाजाराच्या यंत्राशेजारी ठेवतात. (एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा निदान दिसतो तरी!) पूर्वी तेथे भावांची माहिती एकामागून एक पाठविली जाई व प्रथम जोडला गेलेला प्रथम जाणता होई. या प्रकरणी सेबीने 2019 मध्ये बाजाराला सुमारे 625 कोटी रुपये भरण्यास फर्माविले. अपील न्यायाधिकरणाने 2023 मध्ये ते रद्द करून दक्षतेतील कसुरीबद्दल 100 कोटी ठरविले. तो वाद कायदेपंडितांचा. अर्थशास्त्राचा प्रश्न असा की, मायक्रोसेकंदात कोणत्या कारखान्याचे मोल बदलते?

वेगवान व्यवहारांमुळे खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर घटते, हे मान्य केले पाहिजे. पण सर्वांनीच वेगावर पैसा ओतला की कोणीच पुढे राहत नाही; खर्च मात्र उरतो.

यावरचा उपाय आपल्या बाजारात रोज सकाळी 9 वाजता दिसतो. ऑक्टोबर 2010 पासून बाजार उघडण्यापूर्वी काही मिनिटे मागण्या गोळा करून, जास्तीत जास्त समभागांची जुळणी होईल असा एकच भाव काढला जातो. तेथे घाईला फारसे मोल नाही. हीच पद्धत दिवसभर, अत्यल्प अंतराने वापरावी, असे एरिक बुडिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये सुचविले. सेबीच्या 2016 च्या चर्चापत्रात ही सूचना होती. 2018 मध्ये प्रत्यक्षात आल्या त्या सामायिक जागेच्या व विनाशुल्क माहितीच्या सोयी. त्याने शर्यतीचे तिकीट स्वस्त झाले, शर्यत तशीच राहिली.

सेबीने मोजक्या समभागांवर सहा महिने हा प्रयोग करावा आणि आकडे प्रसिद्ध करावेत. मात्र तो दोन्ही बाजारांत एकाच वेळी व्हावा; नाहीतर सौदे दुसऱ्या बाजाराकडे वळतील आणि प्रयोग फसला असे सांगणे सोपे जाईल.