पायपिटीचा भाव



डुक्कर म्हटले की आपल्याला आठवते ती हुरड्यावर आलेली ज्वारी एका रात्रीत लोळवणारी रानडुकरांची टोळी. आज आम्ही लिहीत आहोत ते वेगळ्या डुकरांविषयी. नैऋत्य स्पेनच्या हलक्या माळरानांवर इबेरिको जातीची काळी डुकरे ओकच्या झाडांखाली चरायला सोडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ती या झाडाखालून त्या झाडाखाली, गळालेली फळे वेचत दिवसभर हिंडतात. त्यांच्या मांड्या मिठात मुरवून दोन-तीन वर्षे टांगून वाळवतात. ते मांस जगभर चढ्या भावाने जाते.

हिंडण्याने काय होते? राबणाऱ्या स्नायूला प्राणवायू जास्त लागतो. तो धरून ठेवणारे मायोग्लोबिन वाढते आणि मांस अधिक लाल होते. पण नुसत्या चालण्याने चव येते म्हणणे ही थाप ठरेल. जात, वय आणि ओकच्या फळांतून आलेली मऊ चरबी यांचा वाटा मोठा आहे.

रोजचे चालणे मानवते, शेवटच्या दिवसाची दमछाक मात्र घात करते. जनावर कापल्यावर स्नायूत साठलेल्या साखरेचे सावकाश आम्ल होते, त्यामुळे मांस टिकते. कापण्याआधी डुकराला पळवले, मारले, घाबरवले तर अंग गरम असतानाच आम्ल झपाट्याने वाढते. मांस फिके, लिबलिबीत होऊन पाणी सोडते. लांबच्या प्रवासात ते उपाशी, थकलेले असेल तर साखर आधीच संपते. मांस काळपट पडते, लवकर नासते. आपल्या बोकडांनाही हे लागू आहे. टेम्पोत कोंबून रात्रभर नेलेला बोकड वजनातही घटतो आणि मांसातही.

स्पेनने २०१४ साली हे सारे नियमात बसवले. ओकच्या फळांवरचे डुक्कर म्हणायचे तर झाडे कितीही दाट असोत, हेक्टरी १.२५ च्या वर डुकरे नकोत. चराई किमान ६० दिवस. त्यात वजनवाढ किमान ४६ किलो. अशा शुद्ध जातीच्या मांडीला काळा शिक्का, बंदिस्त जागेत खुराकावर वाढवलेल्याच्या मांडीला पांढरा. गिऱ्हाईक शिक्का बघते आणि पैसे मोजते.

आपली शेळीही उन्हातान्हात कोसभर चालूनच वाढते. कापसाला निदान धाग्याच्या लांबीची प्रत आहे. बोकडाच्या पाठीवर मात्र व्यापारी हात फिरवतो आणि अंदाजाने उक्ता भाव सांगतो. ते कशावर वाढले, किती हिंडले, कोण विचारतो?

सरकारने भाव ठरवावा असे आम्ही म्हणत नाही. आठवडी बाजारात जनावराचा काटा हवा, सौदा किलोवर हवा, सावली आणि पाणी हवे. चराईवरच्या मालाची वेगळी ओळख आपणच उभी करावी लागेल. बैठकीत शेळीवाल्या मायबहिणींनी यावर आधी बोलावे, कारण जनावरामागची पायपीट त्यांचीच आहे. तिचा भाव त्यांच्याच पदरात पडला पाहिजे.