मोजलेला चौक, पुसलेली भिंत

१/ ३० सप्टेंबर १८८८ची पहाट, लंडन. एकाच खुनाशी जोडलेल्या दोन जागा दोन वेगवेगळ्या पोलीस दलांच्या हद्दीत सापडल्या. एका दलाने आपल्या जागेची मापे घेतली. दुसऱ्याने आपल्या जागेवरचा मजकूर पुसून टाकला. ‘जॅक द रिपर कोण होता’ या प्रश्नाने सारे कुतूहल गिळून टाकले आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोन कृतींतील फरक अधिक शिकवून जातो.

२/ मायटर स्क्वेअर हा सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या गस्तीतला छोटासा चौक. हवालदार एडवर्ड वॉटकिन्स दीडच्या सुमारास तेथून गेला, तेव्हा काहीच नव्हते. पाव तास उलटायच्या आत, १ वाजून ४४ मिनिटांनी तो परतला, तेव्हा कोपऱ्यात कॅथरिन एडोज या स्त्रीचे शव पडले होते. खुनासाठी मिळालेला अवधी जेमतेम १४ मिनिटांचा.

३/ पोलीस शल्यचिकित्सक फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन दोननंतर पोहोचले. शव हलवण्यापूर्वी त्यांनी त्याची नेमकी स्थिती पेन्सिलीने कागदावर उतरवली. फ्रेडरिक फॉस्टर या वास्तुविशारदाने चौकाचे नकाशे तयार केले. एका नकाशात १ इंच म्हणजे ८ फूट, दुसऱ्यात १ इंच म्हणजे २०० फूट. पहिल्यात चौक दिसतो, दुसऱ्यात त्याभोवतीचा परिसर.

४/ हे नकाशे मृत्यूच्या न्यायिक चौकशीत कोरोनरपुढे मांडले गेले. त्याच रात्री एकच्या सुमारास बर्नर स्ट्रीटवर एलिझाबेथ स्ट्राइड हिचे शव सापडले होते. दोन्ही खून एकाच माणसाने केले असणे शक्य होते का? फॉस्टरची साक्ष अशी की दोन जागांमधील अंतर पाऊण मैल असून ते १२ मिनिटांत चालून जाता येते. खुनी एकच होता हे यावरून सिद्ध होत नाही. पण ‘अशक्य’ हा शब्द मात्र चर्चेतून बाद होतो. मोजमापाचे काम एवढेच, आणि ते मोठे आहे.

५/ आता दुसरी जागा. २ वाजून ५५ मिनिटांनी गूल्स्टन स्ट्रीटवरील एका चाळवजा इमारतीच्या दारात हवालदार आल्फ्रेड लाँग याला एप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला. तो एडोजच्या एप्रनचाच निघाला. वरच्या भिंतीवर खडूने लिहिलेली, ज्यू लोकांचा उल्लेख असलेली एक ओळ होती. ही हद्द मेट्रोपोलिटन पोलिसांची.

६/ सिटी पोलिसांना तिचे छायाचित्र हवे होते. त्यासाठी उजाडण्याची वाट पाहणे भाग होते. आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी साडेपाचच्या सुमारास ती पुसवून टाकली.

७/ वॉरन यांची भीती निराधार नव्हती. वस्तीत ज्यू निर्वासित मोठ्या संख्येने होते, त्यांच्यावर संशयाची धग आधीच होती, आणि रविवारचा बाजार भरण्याच्या बेतात होता. दंगल उसळली असती तर निरपराधांचे रक्त सांडले असते. म्हणून त्यांना मूर्ख ठरवणे हा आळशी इतिहास होय. परंतु फक्त वरची ओळ, किंवा फक्त एक शब्द पुसावा, अशा सूचनाही तेथे झाल्या होत्या. मधला मार्ग उपलब्ध होता. तो नाकारला गेला.

८/ परिणाम चौकशीतच दिसला. लाँग आणि सिटीचा गुप्तहेर डॅनियल हॉल्स यांच्या नोंदींत ‘नाही’ हा शब्द वेगवेगळ्या ठिकाणी आहे. ‘ज्यू’ या शब्दाच्या स्पेलिंगवरही वाद झाला. ‘नाही’ची जागा बदलली की वाक्याचा रोख बदलतो. सव्वाशेहून अधिक वर्षे अभ्यासक या एका ओळीवर भांडत आहेत, कारण ताडून पाहायला भिंत उरलेली नाही.

९/ फॉस्टरच्या कागदांचे मात्र वेगळे झाले. ते लंडन हॉस्पिटलच्या संग्रहात पडून राहिले, १९६०च्या दशकात पुन्हा उजेडात आले, आणि आजही त्यांवरून प्रश्न विचारता येतात. भिंतीपासून वा दारापासून, म्हणजे न हलणाऱ्या दोन बिंदूंपासून अंतरे घेतली की हललेली वस्तू कागदावर पुन्हा तिच्या जागी ठेवता येते. छायाचित्र जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवते. म्हणूनच पॅरिसच्या आल्फोंस बर्तियाँ यांनी पुढे छायाचित्रालाच मापाची चौकट जोडली.

१०/ महाराष्ट्राला हे परके नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा, अंतरे आणि कच्चा नकाशा येतोच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. पण पंचनामा पोलीस ठाण्यात बसून, ठरावीक वाक्यांत लिहिला गेला, तर कलम कितीही नवे असो, गूल्स्टन स्ट्रीटचीच पुनरावृत्ती होईल.

११/ खुनी सापडला नाही. नकाशानेही तो सापडला नाही. तरीही नकाशाचे मोल कमी होत नाही. ज्या पोलिसांनी मापे घेतली त्यांनी पुढच्या पिढ्यांना आपली चूक शोधण्याचा अधिकार दिला. ज्यांनी भिंत पुसली त्यांनी तो हिरावून घेतला. पुराव्याशी प्रामाणिक असणे म्हणजे उत्तर मिळवणे नव्हे. आपल्यानंतर येणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारता यावा, एवढी जागा राखणे होय.