वल्ही भिंतीला टेकवून

प्रत्येक वेडाचा एक ऑफ-सीझन असतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा मे महिना. गडावरची टाकीसुद्धा आटतात, मग मंडळी करणार काय? कट्ट्यावर बसतात आणि मागच्या पावसाळ्यात घसरलेले पाय चहाच्या साक्षीने पुन्हा एकदा घसरवतात. गंमत म्हणजे तो कडा दर वर्षी दहा फुटांनी उंच होतो!

थंड देशांत समुद्रात कयाक चालवणाऱ्यांचा असा सीझन म्हणजे ऐन हिवाळा. माझी एक पुण्याची मैत्रीण सिएटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य गुडुप. वर पाऊस, वारा. अशा शनिवारी तिचा ग्रुप पाण्यात जात नाही, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमतो. वल्ही भिंतीला टेकवलेली, मध्ये सूपचं भलंथोरलं पातेलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय : 'त्या दिवशी ना...'

आधी होडीबद्दल थोडं. गोव्याच्या बीचवर तासाच्या भाड्याने मिळणारी, वर बसायची प्लॅस्टिकची कयाक डोक्यातून काढून टाका. सी कयाक साधारण पाच मीटर लांब आणि अर्ध्या मीटरहून जेमतेम थोडी जास्त रुंद. पाय आत, कमरेभोवती घट्ट रबरी घेर, म्हणजे लाट आली तरी पाणी आत नाही. मूळ कारागिरी ग्रीनलंडच्या आणि आर्क्टिकच्या शिकाऱ्यांची. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, आणि माप शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाचं. थोडक्यात, होडी चढवायची, शिंप्याकडून शिवून आणलेल्या पँटसारखी!

ती उलटली तर? तर बाहेर न पडता, पाण्याखाली डोकं असतानाच, कमरेच्या झटक्याने होडीसकट सरळ व्हायचं. याला म्हणतात रोल. हिवाळ्यात क्लबवाले गरम पाण्याच्या स्विमिंग पूलमध्ये याचीच प्रॅक्टिस करतात. मैत्रिणीला तो जमायला अख्खा एक हिवाळा लागला. कारण? 'बुडताना माणूस आधी डोकं वर काढायला बघतो. इथे डोकं सगळ्यात शेवटी काढायचं,' ती म्हणाली. 'घाबरल्यावर नेमकं उलट वागायला शिकायचं, बस्स!'

हे शिकायची गरज का, ते गॅरेजमधल्या गोष्टी ऐकल्या की कळतं. पन्नाशीतल्या एका शिक्षकाची गोष्ट तिथे दर वर्षी होते म्हणे. मार्च महिना, स्वच्छ ऊन, समुद्र आरशासारखा. जॅकेट बॅगेत टाकून गृहस्थ टी-शर्टवर निघाले. किनारा दोनशे मीटरवर. म्हणजे आपल्या ऑफिसच्या गेटापासून चहाच्या टपरीपर्यंत. मागे वळून काहीतरी बोलायला गेले आणि उलटले. पाणी आठ-नऊ अंशांचं. पहिल्यांदा काय गेलं, तर श्वास. छाती धापा टाकते, आपण थांबवू शकत नाही. मग बोटं गेली. सोबतचा पुढच्या काही मिनिटांत पोहोचला, तेव्हा होडीची दोरी हातात होती, पण मूठच वळेना. सोबत्याने त्यांना कॉलरला धरून ओढलं. 'आणि तेव्हाही ऊन तसंच छान पडलेलं होतं,' हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यावर कुणीच हसत नाही.

थंड पाण्याचा अभ्यास करणारे कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेख्त यांनी याचं सोपं सूत्र लोकांपर्यंत पोहोचवलं : १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे. आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे लोक गारठून मरतात हे अर्धसत्यच. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही मिनिटांतच, पाणी नाकातोंडात जाऊन बुडतात. म्हणून कयाकवाल्यांचा नियम : कपडे हवेप्रमाणे घालायचे नाहीत, पाण्याप्रमाणे घालायचे.

गॅरेजच्या गप्पा रंगल्या की मोठ्या माणसांच्या गोष्टी निघतात. १९८७मध्ये एड गिलेट नावाचा अमेरिकन कॅलिफोर्नियाहून एकटा कयाक मारत हवाईला पोहोचला. दोन महिन्यांहून जास्त काळ समुद्रात. शेवटी खाणं संपलं आणि पठ्ठ्याने टूथपेस्ट खाल्ली! हा किस्सा सूप पिताना हमखास निघतो.

पण न परतलेल्यांच्या गोष्टीही तितक्याच निघतात. ग्रीनलंडवाल्यांकडून रोल शिकलेला ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स १९३२मध्ये तिथेच एकटा शिकारीला गेला. कयाक सापडली, तो नाही. वय अवघं २५. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू मॅकॉली टास्मान समुद्र ओलांडायला निघाला, पण पहिल्या खेपेला, डिसेंबर २००६मध्ये, रात्रीची थंडी सहन होईना म्हणून परत फिरला. जानेवारीत पुन्हा निघाला. महिनाभर वल्हवून न्यूझीलंड दोन-चार डझन मैलांवर आलं, आणि फेब्रुवारी २००७मध्ये त्याची होडी सापडली. कॅमेऱ्यातलं चित्रीकरणही सापडलं. तो सापडला नाही. रोल येणारे, अनुभवी, धाडसी. तरीही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र आपल्या किनाऱ्यावरून जाते. ऑस्कर स्पेक, बेकार जर्मन इलेक्ट्रिशियन. १९३२मध्ये घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला, सायप्रसला नोकरी शोधायला. मग थांबलाच नाही. युफ्रेटिस, इराणचा किनारा, भारताचा किनारा, सिलोन, ब्रह्मदेश करत सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला, तर सप्टेंबर १९३९. महायुद्ध सुरू! जर्मन म्हणून थेट अटक. पुढे ऑस्ट्रेलियाच्याच सँडी रॉबसनने २०११ ते २०१६ अशी टप्प्याटप्प्याने त्याची वाट पुन्हा वल्हवली. आणि आपल्या मुंबईच्या कौस्तुभ खाडेने २०१५मध्ये मुंबई ते गोवा कयाक मारली, पाठोपाठ अख्खा पश्चिम किनारा, सुमारे ३,००० किमी.

हे ऐकवल्यावर मैत्रीण म्हणाली, 'मग तुमच्याकडे गप्पांचा सीझन कुठला?' पावसाळा, अर्थात! आपला समुद्र जानेवारीतही कोमटच. थंडी हा तर आपला वल्हवायचा हंगाम. आपले कोळी जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात, जाळी विणायला बसतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याच्या गोष्टी सांगतात. सूपच्या जागी काय असतं ते विचारू नका.

आता मुद्द्याचं. या गॅरेजमध्ये एक अलिखित नियम आहे. गोष्ट सांगायची तर स्वतःची चूक आधी सांगायची. जॅकेट का काढलं, भरती-ओहोटीचं टेबल का बघितलं नाही, कुणाला न सांगता का निघालो. समोर कालच आलेला नवखा असला तरी. आपल्या ऑफिसात डोळ्यांपुढे आणा बरं हे! सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं सगळं 'ऑन ट्रॅक' असतं. प्रोजेक्ट बुडाला की मगच कळतं, तीन जणांना महिन्यापासून माहीत होतं.

मागच्या जानेवारीत मैत्रिणीच्या ग्रुपमधले चौघे एका बेटावर जायचं ठरवून होते. सामान गाड्यांवर बांधलेलं. सकाळी वाऱ्याचा अंदाज बदलला. ग्रुपमध्ये सगळ्यात नवी हीच, पण पहिल्यांदा 'मी येत नाही' म्हणाली ती. मला वाटलं, टिंगल झाली असेल. छे! शिक्षक गृहस्थांनी मुकाट्याने स्वतःची होडी गाडीवरून उतरवली. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनी. दुपारी वारा खरंच वाढला की नाही, हे तिने मला सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. कारण नसता वाढला, तरी निर्णय बरोबरच होता.

त्या शिक्षकांना तर बहुधा पत्ताही नसेल, की दर वर्षी तीच गोष्ट सांगून आपण एका पुणेकर मुलीला 'नाही' म्हणायला शिकवलं. तर यंदा पावसात ट्रेक रद्द झाला, की मित्रांना घरी बोलवा आणि एकेकाला त्याच्या चुकीपासून सुरुवात करायला लावा. सूप नसलं तरी चालेल. आपल्याकडे कटिंग आहे, कांदाभजी आहे!