टाकीतला मासा आणि कॅमेऱ्याचा डोळा

टाकीवर कॅमेरा बसवावा आणि मासे अंडी केव्हा, कशी घालतात हे दूरच्या खोलीतील पडद्यावर पाहावे, ही कल्पना ऐकून काहींना हसू येईल. मासे विकत घ्यायची ऐपत नसलेल्या देशात हे कौतुक कशासाठी, असेही कोणी विचारील. परंतु प्रश्न कौतुकाचा नाही, बीजाचा आहे. विणीच्या वेळी मासा काय करतो हे कळल्यावाचून खात्रीचे मत्स्यबीज मिळत नाही, आणि बीजावाचून तळी व जलाशय भरलेले असूनही रिकामेच राहतात.

कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळी पुरात ते अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात सहसा घालीत नाहीत. त्यामुळे पूर्वी पुराच्या पाण्यातून मिळेल ते सरमिसळ बीज गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि ती परवशता संपण्यास आरंभ झाला. कोकणच्या आवडीचा जिताडा 1997 साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेत बंदिस्त पाण्यात व्याला. प्रयोगशाळेतील या यशामागे टाकीकाठचे निरीक्षण असते. आणि निरीक्षणाची अडचण अशी की मासे बहुधा रात्री वितात आणि माणसाच्या सावलीने, पावलांच्या हादऱ्याने बिचकतात.

येथे कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो. बहुतेक माशांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तो रात्रभर पाहू शकतो. नर मादीमागे केव्हा लागला, अंडी किती वाजता पडली, हे तो टिपून ठेवतो. शोभेच्या क्लाऊन माशाचा नर दगडाला चिकटवलेली अंडी राखतो, परांनी त्यांवर पाणी खेळवतो आणि मेलेली अंडी वेचून टाकतो. सुमारे आठवड्याने अंधार पडल्यावर पिल्ले बाहेर येतात. ही घटका चुकली तर त्यांना वेळेवर खाद्य मिळत नाही आणि महिन्यांचा खटाटोप वाया जातो.

तथापि यंत्राच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. अवरक्त प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही आणि गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळाच. पाण्यातला प्राणवायू घटला की नाही, हे त्याला दिसत नाही. मादी अंडी का रोखून धरते, हे तो सांगत नाही. ते ओळखायला पाण्यात हात घालणारा जाणता माणूसच लागतो. वीज जाताच पडदा काळा होतो, हेही खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको.

हा विचार करताना आमच्या डोळ्यांसमोर सिल्वासाजवळचे अथाल आणि तेथून वाहणारी दमणगंगा येते. दादरा-नगर हवेली आम्हांस परकी नाही. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीज सत्तेचे जोखड तेथे झुगारले गेले. गोव्याला त्यानंतर 1961 पर्यंत वाट पाहावी लागली. याच दमणगंगेवर वरच्या अंगाला मधुबन धरण झाले आणि त्याच्या जलाशयाखाली हवेलीतील आदिवासींच्या जमिनी गेल्या. खालच्या अंगाला वापीची कारखानदारी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत वापीचे नाव अगदी वरच्या क्रमांकांत होते. वलगणीचे मासे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढतात हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. खाली विष आणि वर भिंत असेल तर त्यांनी चढावे कोठून?

अशा ठिकाणी मत्स्यबीज केंद्र आणि त्यात कॅमेरा यांना अर्थ आहे, परंतु काही अटींवर. पडद्यासमोर गावचा वारली-कोकणा तरुण बसला पाहिजे, आणि त्याला पाहिलेले लिहून ठेवण्याचे व त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. सरकारी पैशाने मिळालेल्या नोंदी एखाद्या कंपनीच्या कपाटात न राहता तळेवाल्यांना मराठी-गुजरातीत खुल्या झाल्या पाहिजेत. बोटुकलीवर पहिला हक्क जलाशयात जमीन गमावलेल्यांच्या सहकारी संस्थांचा असला पाहिजे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वीस हजार कोटींहून अधिक रकमेच्या गुंतवणुकीचा संकल्प होता. त्यातून किती टाक्या बांधल्या, एवढ्यावर तिचे मोजमाप होणार नाही; कोणाच्या हाती बीज पडले, हे पाहावे लागेल.

आणखी एक गोष्ट राज्यकर्त्यांना सांगणे भाग आहे. टाकीतला मासा सुखरूप व्याला म्हणून नदीचे ऋण फिटत नाही. टाकीत जपलेले पिल्लू अखेर सोडायचे ते बाहेरच्या पाण्यातच. टाकीवर रात्रंदिवस डोळा ठेवण्याची तयारी असलेल्या शासनाने तोच डोळा कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तोंडाशीही ठेवावा आणि तेथे दिसेल ते लोकांस दाखवावे. त्यासाठी नवे शास्त्र शोधावे लागणार नाही. हवी आहे ती इच्छा.