सुट्टीत मुलांना घरात कोंडू नका

मे महिना लागला की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, हा सारखा बाहेर पळतो. ऊन लागेल, पडेल. काहीतरी सांगा ना याला!" मी सांगतो ते आईला आवडत नाही. जाऊ द्या त्याला.

डॉक्टर असून असं कसं बोलता, असं तुम्ही म्हणाल. खरचटलेला गुडघा साबणाच्या पाण्याने धुतला की चार दिवसांत खपली धरते. पडून मनगटाजवळचं हाड नुसतं दबलं असेल, तर लहान मुलांत ते साधारण तीन आठवड्यांत भरून येतं. चष्म्याचा मायनस नंबर मात्र एकदा लागला की मागे फिरत नाही. वाढत्या वयात बुबुळापासून पडद्यापर्यंत डोळा गरजेपेक्षा लांब झाला की हा नंबर येतो, आणि ती लांबी पुन्हा कमी होत नाही.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना नंबर लागला, तर इतर शाळांत जवळजवळ ४० टक्के मुलांना. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नुसता मोबाइल काढून घेऊन भागत नाही, डोळ्यांना उजेड लागतो. आंब्याच्या सावलीतसुद्धा तो ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

"पण आम्ही समर कॅम्पला घातलंय की!" हो, एसी हॉलमध्ये, खुर्चीवर बसून, ताई सांगतील तसं. (फी विचारली तर मलाच घाम फुटतो.) लगोरीत कोण बाद झालं यावर भांडायचं, रुसायचं आणि पुन्हा खेळायला यायचं, हे कोणत्या ताई शिकवणार? प्रत्येक भांडणात मोठं माणूस मध्ये पडलं, तर मूल स्वतः निर्णय घ्यायला शिकणार कधी? आधी कोपऱ्यावरून दही आणायला पाठवा. मग मित्राच्या घरी एकट्याला जाऊ द्या. पाठोपाठ फोन करू नका.

तुमची भीती सगळीच खोटी नाही. ११ ते ४ उन्हात खेळ नको. मूल उन्हातून येऊन बरळू लागलं किंवा गुंगलं, तर अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत लगेच दवाखाना गाठा. आणि पाण्याच्या बाबतीत मी तुमच्याहून कडक आहे. विहीर, खाण, नदीचा डोह इथे पोहता येणाऱ्या मुलानेही एकट्याने जायचं नाही. शेततळ्याच्या तर काठालाही नको. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की आत घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

बाकी खेळू द्या. तेवढं लसीचं कार्ड आजच काढून बघा. पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं इंजेक्शन यातलं काही राहिलं असेल, तर गुडघा फुटायच्या आधी घेऊन या.