पूरग्रस्त शेतकरी आणि पंचनाम्याचा कागद

पूर ओसरला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून घेणाऱ्यांची दाटी होते. अर्ज सुवाच्य लिहिला, पोच घेतली, म्हणजे आपले काम झाले, अशी पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. महसूल खात्यात कारकुनी करून आम्ही निवृत्त झालो. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की ही समजूत घातक आहे. पिकाची सरकारी मदत अर्जावरून ठरत नाही, पंचनाम्यावरून ठरते. अर्ज हे फार तर पंचनाम्यास दिलेले निमंत्रण होय.

पंचनामा पटवारी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. (पटवाऱ्यास सरकारने २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी हे नाव दिले आहे, गावाच्या तोंडी पटवारीच राहणार.) गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीचे प्रमाण एवढे एका ओळीत येते, आणि त्या ओळीवर वर्षाचा निकाल लागतो. पिकाची हानी ३३ टक्के वा अधिक असल्यासच मदत, असा २०१५ पासूनचा दंडक आहे. बांधावरून ती तीस दिसते की चाळीस, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर, आणि खातेदार तेथे उभा आहे की नाही यावरही असते. तरी त्या दिवशी निम्मे खातेदार तालुक्याला गेलेले असतात, अर्ज द्यावयास!

दरांविषयी मात्र सर्वत्र कंठशोष चालतो. जुलै २०२२ च्या पुरानंतर राज्याने कोरडवाहूस हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरपर्यंत, दिले; २०२५ च्या मे महिन्यात तोच दर ८,५०० व मर्यादा दोन हेक्टर झाली, आणि ऑक्टोबरात मर्यादा पुन्हा तीनवर गेली. ही ओढाताण योग्य नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु क्षेत्रच चुकीचे नोंदले गेल्यास कोणत्या दराने गुणावयाचे?

वैनगंगाकाठच्या वाचकांस ऑगस्ट २०२० ची अखेर आठवत असेल. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडील रोवणी झालेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. अशा पुरात हानी दोन प्रकारची असते. धान कुजतो ती एक. बांधीवर रेती वा गाळ बसतो ती दुसरी. पाणी उभे असता पंचनामा झाला तर पहिलीच नोंदली जाते, कारण दुसरी दिसतच नाही. मार्च २०२६ पर्यंतच्या केंद्रीय निकषांत तीन इंचांहून अधिक थर काढण्यास हेक्टरी १८,००० रुपये होते, जमीन वाहून गेल्यास ४७,०००. मात्र केवळ अल्प व अत्यल्प भूधारकांस, आणि अन्य योजनेतून त्याच कामास पैसा घेतलेला नसल्यास. पाणी उतरल्यावर सरकारने दुसरी पाहणी स्वतः होऊन करावी, असे आमचे ठाम मत आहे. रेती उपसण्याची मजुरी धानाच्या तोट्याहून भारी पडते, हे नदीकाठच्या माणसास सांगावयास नको.

दुसरे दुखणे सातबाऱ्याचे. आजोबा वारून वीस वर्षे झाली, तरी खाते त्यांच्याच नावे. मदत खातेदाराच्या नावे निघते. मयताच्या नावे निघालेला पैसा कचेरीतून हलत नाही. सामाईक खात्यात भावाभावांचे संमतीपत्र लागते, ते पुराच्या धांदलीत जमत नाही. वारसाचा फेरफार उन्हाळ्यात करून घेणाऱ्यास आम्ही शहाणा म्हणू. वनहक्काचा पट्टा मिळालेल्यांनीही आपले नाव यादीत आहे काय, हे अवश्य पाहावे. ज्यांचे दावे अद्याप पडून आहेत, त्या जबरानजोतदारांचा धान बुडाला तरी कागदावर काहीच बुडत नाही. हा अन्याय होय, आणि त्यास तहसीलदार नव्हे, रेंगाळलेला निर्णय जबाबदार आहे.

पुढे यादी संगणकावर चढते, प्रत्येकास विशिष्ट क्रमांक मिळतो, पुष्कळांस सेवा केंद्रात आधारचा अंगठा द्यावा लागतो, आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँकखात्यात जाते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. तेथील म्हाताऱ्याने झिजलेला अंगठा घेऊन किती वेळा केंद्रावर खेटे घालावेत? म्हणून आमची सूचना अशी की यादी तालुक्यास जाण्यापूर्वी चावडीवर मोठ्याने वाचली जावी. नाव, गट, क्षेत्र, टक्केवारी, सर्व. चूक त्या दिवशी पाच मिनिटांत सुधारते. संगणकावर चढल्यावर तीच दुरुस्त करण्यास हंगाम जातो. सरपंचांनी हे मनावर घ्यावे.

रेती सुकली की थराची जाडी मोजून, फोटो काढून, तारीख व गट क्रमांक घालून वेगळा अर्ज पटवाऱ्याकडे द्यावा व त्याची पोच घ्यावी. पिकाच्या अर्जातच ती ओळ कोंबू नये.